उघडण्यासाठी घडवलेले रीळ

गळाच्या काठीवरचे जुने रीळ उघडले की आतला पसारा घड्याळाच्या कुळातला वाटतो. बारीक दात्यांची पितळी चाके, घासून गुळगुळीत केलेले पोलादी दांडे, नखाएवढ्या स्प्रिंगा आणि हे सारे जागच्या जागी धरून ठेवणारे मोजके स्क्रू. हे साम्य वरवरचे नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची जी रिळे घेऊन आजही पाण्यावर जाता येते, त्यांतली काही सर्वांत नावाजलेली रिळे खरोखरच घड्याळाच्या धंद्यातून आली आहेत. घड्याळजीचा धंदा एका गृहीतावर चालतो: यंत्र कधी ना कधी उघडावे लागणार, पुसावे लागणार, त्याला नवे तेल द्यावे लागणार. हे गृहीत धरून केलेली रचना वेगळी असते आणि ते न धरता केलेली वेगळी. जुनी रिळे दुरुस्त करून वापरणाऱ्यांकडे लोक बहुधा गतकाळाच्या प्रेमात पडलेले म्हणून पाहतात. मला त्यात याहून ठोस काही दिसते. ही रिळे आजही चालतात, कारण ती उघडण्यासाठी घडवली होती; त्यांचे वय हा त्या गुणाचा केवळ पुरावा आहे. म्हणून अशा रिळाचा जीर्णोद्धार काचेच्या कपाटापाशी थांबवणे म्हणजे काम अर्धवट सोडणे. दुरुस्त केलेल्या रिळाची परीक्षा पाण्यावरच होते.

रिळाचा इतिहास या म्हणण्याला बळ देतो. चीनमधला चित्रकार मा युआन याचे ११९५ च्या सुमाराचे एक चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हिवाळी पाण्यावर एकटा बसलेला मासेमार आणि त्याच्या काठीवर दोर गुंडाळायचे छोटे चाक त्यात दिसते. इंग्लंडमध्ये रिळाचा उल्लेख सतराव्या शतकाच्या मध्यापासून पुस्तकांत येऊ लागतो. पण ही सगळी साधी चाके होती: मूठ एकदा फिरवली की चाक एकदा फिरणार. पुढची उडी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावी पडली. जॉर्ज स्नायडर हा तिथला घड्याळजी आणि चांदीकाम करणारा कारागीर. १८१० ते १८२० च्या सुमारास त्याने दातेरी चाके बसवून असे रीळ केले की मूठ एकदा फिरवताच दोराचे चाक अनेकदा फिरावे. त्याच राज्यातल्या फ्रँकफर्ट गावचे मीक बंधूही घड्याळजीच होते आणि त्यांनी हे काम पुढे नेले. विसाव्या शतकात तीच गोष्ट कारखान्यांच्या पातळीवर घडली. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावी १९२१ मध्ये सुरू झालेल्या आबू या कंपनीचे मूळ नावच घड्याळाचा कारखाना अशा अर्थाचे होते. तिथे खिशातली घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर बनत. रिळे नंतर आली. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी क्लूज नावाचे गाव आहे. तिथे १८४८ पासून घड्याळकामाची शाळा होती आणि साऱ्या खोऱ्यात घड्याळाचे सुटे भाग घडवणारे कारागीर. तिथल्या कार्पानो अँड पाँस या कारखान्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मिचेल हे रीळ बाजारात आणले आणि पुढे ते जगभर पसरले.

घड्याळजींनाच हे काम का साधले, याचे उत्तर रिळाच्या कामात आहे. स्नायडरच्या किंवा आबूच्या पद्धतीच्या रिळात गळ फेकताना दोराचे चाक क्षणार्धात शून्यावरून प्रचंड वेगावर गेले पाहिजे, म्हणजे ते हलके हवे आणि घर्षण अगदी कमी हवे. मासा लागला की तेच चाक ओढ सोसणारे, दात न मोडणारे आणि एका लयीत दोर सोडणारे हवे. हलकेपणा आणि ताकद यांचा असा मेळ घालायचा तर भागांची मापे केसाच्या अंशापर्यंत नेमकी लागतात. आबूच्या ॲम्बॅसडर ५००० या १९५० च्या दशकातल्या रिळात हे हिशेब स्पष्ट वाचता येतात. फेकीच्या सुरुवातीला चाक दोरापेक्षा वेगाने फिरले तर दोराचा गुंता होतो. तो टाळण्यासाठी चाकासोबत फिरणाऱ्या दोन लहान काड्यांवर दोन ठोकळे सैल बसवलेले असतात. चाक फिरू लागले की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या कड्याला घासतात. ही बाहेर फेकणारी ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. म्हणून फेकीच्या आरंभी, जेव्हा गुंत्याचा धोका सर्वाधिक, तेव्हा ब्रेक जोरात लागतो आणि वेग उतरला की आपोआप सुटतो. यात बॅटरी नाही, चुंबक नाही, काही जुळवत बसावे लागत नाही. ठोकळे झिजले तर तेवढे बदलायचे.

आता हे रीळ उघडायचे कसे ते पाहू. एका बाजूच्या झाकणावर बोटांनी पकडता येतील असे खाचा पाडलेले तीन स्क्रू आहेत. ते हाताने सैल केले की झाकण वेगळे होते आणि दोराचे चाक बाहेर येते. नदीकाठी, ओल्या हातांनी, पेचकस नसतानाही एवढे करता येते. सुरुवातीची ॲम्बॅसडर रिळे चामड्याच्या पेटीतून मिळत आणि त्या पेटीत लहान पाना आणि तेलही असे. मालकाने हे यंत्र उघडावे ही कारखान्याची इच्छा याहून स्पष्ट कशी सांगता येईल? दोर चाकावर सारखा पसरावा म्हणून पुढच्या बाजूला एक कडी डावी-उजवीकडे सरकत राहते. तिला सरकवणाऱ्या दांड्यावर उलटसुलट आटे पाडलेले असतात आणि त्या आट्यांत एक छोटा पोलादी तुकडा फिरतो. झीज व्हायचीच असेल तर ती या तुकड्याची व्हावी, महागड्या दांड्याची नव्हे, असा त्यामागचा विचार. घरातला फ्यूज स्वतः जळून बाकीची जोडणी वाचवतो, तसा हा तुकडा स्वतः झिजून दांडा वाचवतो. झिजणारा भाग कोणता असावा हे आधीच ठरवणे आणि तो स्वस्त, लहान व सहज बदलता येणारा ठेवणे, यालाच मी उघडण्यासाठी घडवणे म्हणतो.

याच विचाराची दुसरी बाजू अमेरिकेत दिसते. जर्मनीहून आलेल्या ओटो हेन्झे याने १९३२ मध्ये फिलाडेल्फियात पेन ही कंपनी काढली. तिची समुद्रावरची रिळे दिसायला देखणी नव्हती: बेकेलाइटच्या काळ्या बाजू, क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी पट्ट्या, जाड मूठ. पण प्रत्येक भागाला क्रमांक होता आणि सगळे भाग सुटे दाखवणारा आराखडा रिळासोबत मिळत असे. तोच क्रमांक आणि बहुतेक वेळा तोच भाग वर्षानुवर्षे चालू राहिला. त्यामुळे अनेक दशकांपूर्वीच्या पेनच्या सेनेटर या रिळात कितीतरी नंतर बनलेला भाग बसू शकतो. घड्याळजीची परंपरा एकेका यंत्राची काळजी घ्यायला शिकवते. सुट्या भागांची अदलाबदल होण्याची ही पद्धत लाखो यंत्रांची काळजी घेणे शक्य करते. जुने रीळ आज जिवंत राहायला दोन्ही लागतात. म्हणूनच जीर्णोद्धाराला सर्वांत सोयीची रिळे दुर्मीळ नसतात. मिचेल ३००, ॲम्बॅसडर ५००० आणि ६०००, पेनची सेनेटर आणि जिगमास्टर ही रिळे अफाट संख्येने बनली. एकातला चांगला गिअर दुसऱ्यात घालून तीन मोडक्या रिळांतून दोन चालती करता येतात.

प्रत्यक्ष कामाला बसताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की बंद पडलेली बहुतेक रिळे मोडलेली नसतात, नुसती चिकटलेली असतात. जुने ग्रीस हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होत जाते आणि शेवटी लाखेसारखा तपकिरी थर उरतो. मूठ फिरत नाही म्हणून जोर लावणे ही सर्वांत मोठी चूक. त्यात धडधाकट दाते तुटतात. आधी झाकण काढावे. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असाच पेचकस घ्यावा, कारण सैल पेचकसाने कुरतडलेली खाच पुन्हा नीट होत नाही. स्क्रू अडला असेल तर गंज सोडवणारे तेल लावून एक-दोन दिवस थांबावे. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा आणि सुटा होणारा भाग क्रमाने थाळीत मांडावा. वॉशर कोणत्या क्रमाने होते आणि त्यांची कोणती बाजू वर होती, हे नंतर आठवत नाही. स्प्रिंग काढताना वर फडके धरावे, नाहीतर ती खोलीत कुठे उडाली ते सापडत नाही. धातूचे भाग रॉकेलमध्ये भिजत घालून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासावेत. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास जाळ नसावा. सारे कोरडे झाल्यावर गिअरच्या दात्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि बेअरिंगला व वेगाने फिरणाऱ्या दांड्यांना हलक्या तेलाचा एकेक थेंब. रीळ ग्रीसने भरून टाकणे म्हणजे पुढच्या चिकटपणाची आत्ताच सोय करणे. जास्तीचे ग्रीस मासा ओढू लागल्यावर दोर सोडणाऱ्या ड्रॅगच्या चकत्यांवर गेले तर पकडही बिघडते.

स्वच्छता करताना धातू ओळखल्याशिवाय रसायन वापरू नये आणि याचा एक मोठा धडा भारताच्या भूमीवरच मिळालेला आहे. ब्रिटिश लष्कराच्या इथल्या छावण्यांत पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवली जात आणि पावसाळा संपल्यावर त्यांची पितळी टरफले तडकलेली आढळत. कारण बरीच वर्षे उमगले नव्हते. १९२१ मध्ये झालेल्या संशोधनातून ते स्पष्ट झाले: घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि टरफल घडवताना पितळेत उरलेला ताण, या दोहोंच्या संगमाने पितळ फुटत होते. पितळी रिळाला अमोनिया असलेली पॉलिश लावून विसरून जाणे का धोक्याचे, हे यावरून कळते. ॲल्युमिनियमला सोडा आणि कॉस्टिक चालत नाही. ती वरचा संरक्षक थर खाऊन टाकतात. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात पितळी किंवा पोलादी स्क्रू असेल आणि मध्ये खारे पाणी शिरले तर छोटी विद्युतघटमालाच तयार होते. तिच्यात ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी साचून स्क्रू जाम होतो. जुन्या रिळांच्या काळ्या बाजू एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या असू शकतात. त्या उजेडाने तपकिरी पडतात आणि गरम पाण्यात टाकल्या तर आणखी बिघडतात. जस्ताच्या ओतीव भागांत अशुद्धी राहिली असेल तर ते आतूनच भेगाळत जातात आणि त्यावर इलाज नाही. रीळ विकत घेण्यापूर्वी हे तपासून पाहावे. बाहेरच्या डागांपेक्षा आतला धातू महत्त्वाचा.

मासा हातचा जातो की हाती येतो हे मात्र ड्रॅगवर ठरते. ड्रॅग म्हणजे एकमेकींवर दाबून धरलेल्या चकत्यांची थप्पी: मासा ठरलेल्या जोरापेक्षा अधिक ओढू लागला की चकत्या घसरतात आणि दोर तुटण्याऐवजी सुटतो. स्थिर चकती सरकवायला लागणारा जोर हा सरकत्या चकतीला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. हा फरक मोठा असेल तर रीळ आधी अडते, मग एकदम झटका देते आणि त्या झटक्यात दोर तुटतो. जुन्या रिळांतल्या चामड्याच्या, नमद्याच्या किंवा दाबून केलेल्या तंतूंच्या चकत्या वाळल्या, कडक झाल्या किंवा चिकटल्या की नेमके हेच होते. इथे एक गंभीर सूचना आवश्यक आहे. काही जुन्या रिळांच्या ड्रॅगमध्ये ॲस्बेस्टॉस असलेले अस्तर वापरले जात असे. संशय असेल तर त्या चकत्या घासू नयेत, कोरड्या झटकू नयेत. ओल्या करून काढाव्यात आणि पिशवीत बंद कराव्यात. त्यांच्या जागी कार्बन तंतूंच्या चकत्या बसवल्या की जुने रीळ आजच्या रिळाइतकेच एका लयीत दोर सोडते. बसवल्यावर ड्रॅग अंदाजाने आवळू नये. दोर वजनकाट्याला बांधून ओढून पाहावा आणि दोराच्या ताकदीच्या पाव ते तीस टक्के जोराला तो सुटेल असा ठेवावा. चार किलोचा दोर असेल तर सुमारे एक किलो. यापेक्षा घट्ट ठेवण्याचा मोह टाळायचे कारणही रिळातच आहे. दोर सुटत जातो तसा चाकावरच्या गुंडाळीचा घेर कमी होतो आणि तेवढ्याच ड्रॅगला दोर ओढून काढायला जास्त जोर लागतो. घेर निम्मा झाला तर जोर दुप्पट.

दोराची निवड हा जीर्णोद्धाराचाच भाग आहे, हे अनेकदा विसरले जाते. १९३० च्या दशकातली रिळे जवसाच्या तंतूंच्या किंवा रेशमी दोरासाठी घडवली होती. तो दोर ताणला जात नसे, पण प्रत्येक वेळी वाळवावा लागे, नाहीतर कुजे. नायलॉनचा तंगूस आला आणि प्रश्न उलटला. मोठा मासा ओढताना ताणलेल्या अवस्थेत गुंडाळलेला तंगूस आकसू पाहतो आणि शेकडो वेढ्यांचा तो एकत्रित दाब चाकाच्या बाजू अक्षरशः फोडू शकतो. तंगूस आल्यावर प्लास्टिकची अनेक चाके अशीच फुटली. म्हणून जुन्या प्लास्टिकच्या किंवा एबोनाइटच्या चाकावर तळाशी न ताणणाऱ्या विणीव दोराचा जाड थर द्यावा आणि वरच तंगूस घ्यावा. शक्य असेल तर धातूचे चाक शोधावे. आजचा अतिबारीक विणीव दोर जुन्या मिचेलवर घेताना उलटा प्रश्न येतो. त्या रिळातला दोर जिथून वळतो तो भाग फिरत नसेल तर दोर तिथे खाच पाडतो आणि पुढे त्याच खाचेत स्वतः कापला जातो. जुन्या यंत्रावर नवे साहित्य लावायला हरकत नाही, मात्र जोर कुठून कुठे जातो हे आधी समजून घ्यावे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: आजची रिळे चांगलीच आहेत, मग ही खटपट कशाला? आक्षेपातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. आजची रिळे हलकी आहेत, पाण्यापासून बंदिस्त आहेत आणि मूठ उलटी अजिबात हलू देत नाहीत. जुन्या ॲम्बॅसडरचा किंवा मिचेलचा वेग मुठीच्या एका फेऱ्याला साडेतीन-पावणेचार वेढे इतकाच. आज सहा-सात वेढे सर्रास मिळतात. जे कृत्रिम आमिष भरभर ओढावे लागते, त्यासाठी जुने रीळ मनगट दमवते. भर समुद्रात कुप्याच्या मागे जायचे असेल तर माझाही सल्ला नवे रीळ घ्यावे असाच आहे. पण तलावावर तळाशी आमिष ठेवून बसणाऱ्याला, खाडीच्या तोंडाशी सावकाश ओढणाऱ्याला किंवा ओढ्यात छोट्या माशांमागे फिरणाऱ्याला हा जादा वेग क्वचितच उपयोगी पडतो. कमी वेढ्यांचा फायदा असा की त्याच हाताच्या जोरात जास्त ओढ मिळते. बंदिस्तपणाचीही किंमत आहे. मूठ जागच्या जागी रोखणारे एकदिशा बेअरिंग बिघडले की बहुधा ते अख्खे बदलावे लागते. जुन्या रिळातला अडसर आणि त्याचे दातेरी चाक डोळ्यांना दिसते, दोष समजतो आणि तेवढाच भाग दुरुस्त होतो. नवे रीळ नवे असताना सरस आहे हे खरे. वीस वर्षांनी त्याचा सुटा भाग मिळेल का, हा प्रश्न मात्र उरतो.

दुसरा आक्षेप संग्राहकांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. जुन्या वस्तूवर काळाने चढवलेला रंग हाही इतिहासच. तो घासून काढणे म्हणजे पुरावा पुसणे. नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅनिकच्या हार्डी बंधूंनी १८९१ मध्ये परफेक्ट हे रीळ आणले. त्याच्या सुरुवातीच्या पितळी प्रती किंवा मीक बंधूंनी हाताने केलेली केंटकी रिळे यांच्याबाबत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. अशा रिळाला कोरडे फडके आणि तेलाचा थेंब यापलीकडे काही करू नये. पॉलिश करून चमकवलेले दुर्मीळ रीळ आपला इतिहास आणि किंमत दोन्ही गमावते. पण लाखोंनी बनलेल्या कारखानी रिळाला तोच नियम लावला तर गफलत होते. तिथे जपायची गोष्ट एखादी प्रत नसून ते यंत्र चालते कसे याचे ज्ञान आहे आणि ते ज्ञान कपाटात टिकत नाही. कोणता आवाज निरोगी, ड्रॅग कुठे अडतो, फेकीत अंगठा कधी टेकवायचा, हे सगळे वापरातूनच पुढच्या हाती जाते. या दोन टोकांमध्ये काम करणाऱ्यासाठी एक साधा दंडक आहे: जे केले ते परत उलटे करता यावे. मूळ स्क्रू, मूळ मूठ, मूळ वॉशर चिठ्ठी लावून ठेवावेत. ॲस्बेस्टॉसच्या चकत्या तेवढ्या याला अपवाद. रंग खरवडू नये, नवे भोक पाडू नये. जुन्या हार्डी रिळांच्या काही मुलाम्यांत शिसे असते, तेव्हा तिथे खरवडणे तब्येतीलाही वाईट.

तिसरा आक्षेप विचार करायला लावणारा आहे. आपण जुनी रिळे भक्कम म्हणतो, कारण आपल्यासमोर तगलेलीच येतात. जी रद्दी होती ती केव्हाच भंगारात गेली. उरलेल्यांवरून सगळ्या काळाचे कौतुक करणे हा तर्कदोष आहे. हे अगदी खरे आहे. त्याच दशकांत ओतीव जस्ताचे गिअर घातलेली, पत्रा दुमडून बंद केलेली, स्क्रूच नसलेली स्वस्त रिळेही ढिगांनी विकली गेली. पण या आक्षेपाने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट नेमके होते. सगळे जुने चांगले असा दावा मी करतच नाही. तगलेली आणि गेलेली शेजारी ठेवली तर फरक कुठे दिसतो? धातू चांगला होता हे एक कारण. पण चांगल्या धातूचे, दुमडून बंद केलेले रीळसुद्धा एक स्प्रिंग तुटली की कायमचे निकामी होते. तगलेली रिळे बिघडली नाहीत असे नाही. ती अनेकदा बिघडली आणि दर वेळी कोणीतरी ती उघडून नीट केली. म्हणून टिकाऊपणाच्या हिशेबात मजबुतीइतकेच वजन दुरुस्तीच्या सोयीलाही द्यावे लागते. आणि हा निकष आजच्या रिळालाही लावता येतो.

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा लांबचा नाही. हेन्री सलिव्हन थॉमस या ब्रिटिश अधिकाऱ्याचे भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १८७३ मध्ये निघाले. जोरात धाव घेणाऱ्या महसीर माशासाठी भरपूर दोर मावेल असे रीळ लागते, हे तेव्हापासून इथल्या हौशी मंडळींना ठाऊक आहे. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशनच्या रूपाने ही हौस अजून नांदते आणि कोकणच्या खाड्यांत जिताडा, तांबोशी यांच्यासाठी काठी घेऊन बसणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडचे हवामान रिळाला कठोर आहे. चार महिन्यांची दमट हवा आणि किनाऱ्यावरचा खारा वारा यांत बंदिस्त यंत्रही गंजते, आणि उघडता न येणाऱ्या यंत्रात शिरलेला खारटपणा तिथेच मुरतो. त्यामुळे खाऱ्या पाण्यावरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुणे, जोराचा फवारा न मारणे, पुसून सावलीत वाळवणे, ड्रॅग सैल करून ठेवणे आणि पावसाळ्याआधी एकदा उघडून तेल देणे ही शिस्त इथे विशेष कामाची आहे. दुरुस्ती करून वस्तू वापरणे आपल्याला नवे नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्यासमोर शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने होती. मासेमारीचे रीळ त्या यादीत नाही. तत्त्व मात्र तेच आहे. विकत घेतलेली वस्तू उघडता आली नाही, तिचे भाग आणि आराखडा मिळाला नाही, तर मालकी अपुरी राहते.

म्हणून जुन्या रिळाच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्याला मी एवढेच सुचवेन. दुर्मीळ नाव शोधू नका. भरपूर बनलेले, साध्या पेचकसाने सुटणारे, ज्याचा आराखडा आणि भाग मिळतात असे रीळ घ्या. शक्य असेल तर दोन घ्या, एक चालवायला आणि एक भागांसाठी. चमकवण्याआधी ते चालते करा आणि चालते झाले की वापरा, कारण वापरात असलेल्या रिळाचे वंगण हलते राहते आणि बिघाड लहान असतानाच कळतो. आणि पुढच्या वेळी नवे रीळ घ्यायला दुकानात गेलात, तर वेढे किती आणि बेअरिंग किती हे विचारून झाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारा: हे उघडते कसे, यात आधी काय झिजते आणि तो भाग मिळतो का? ज्या गिऱ्हाइकाने एकदा जुने रीळ स्वतः सोडवून जोडले आहे त्याला हे प्रश्न आपसूक सुचतात. पुरेशा गिऱ्हाइकांनी ते विचारले, तर आज बनणारी रिळेही आणखी सत्तर वर्षांनी कोणीतरी उघडू शकेल.